खांद्यावरच्या चार चुण्या

५ फेब्रुवारी

धाकटे,

घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मरायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मी ठणठणीत आहे.

एकच विचारायचंय. आपल्या स्टुडिओला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बाबांनी चौघांचा फोटो काढला होता. त्यात तुझ्या अंगावर कोणत्या रंगाचा ड्रेस होता? मला निळा आठवतो, गळ्याला पांढरी पट्टी असलेला. बरोबर असेल तर नुसतं "हो" लिही, चूक असेल तर रंगाचं नाव लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कशाला हवंय ते सांगते, नाहीतर म्हणशील एकतीस वर्षांनी ताईचं डोकं फिरलं. मी जलरंग शिकायला जाते. हसू नकोस. नोव्हेंबरपासून, बुधवारी आणि शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. आम्ही नऊ जण आहोत. शिकवणारी मुलगी सत्तावीस वर्षांची, पण शिकवणाऱ्याला अहो-जाहो करायचं ही बाबांची शिस्त, म्हणून मी तिला बाई म्हणायला लागले आणि आता सगळेच म्हणतात. माझ्या शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस बसतात. ते ढगसुद्धा पट्टीने काढतात.

मला वाटलं होतं, ही मला काय शिकवणार? वीस वर्षं मी बाबांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग दिले. या शहरातले निम्मे गाल माझ्या कापसाने गुलाबी झालेत. पहिल्या दिवशी बाईंनी समोर एक सफरचंद ठेवलं. मी रंगवलं. बाईंनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, सफरचंदाला पावडर लावलीत तुम्ही." सगळे हसले. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी म्हटलं, तुमचा कागदच खरबरीत आहे! पण घरी येऊन पाहिलं तर खरंच पावडर होती. लग्नाच्या फोटोला बसल्यासारखं दिसत होतं ते सफरचंद.

एप्रिलच्या शेवटी आमच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन आहे. ओळखीच्या माणसांचं एक चित्र करायचंय. मी तो फोटो करते आहे, चौघांचा. म्हणून रंग हवा.

आणि हो. जाताना माझा डाळिंबी ड्रेस उचलून नेलास, ते मी विसरलेले नाही. दोनदाच अंगाला लागला होता. आता तो कोणाला होणार म्हणा, पण सांगून ठेवते.

ताई
(हो, तीच.)


२६ फेब्रुवारी

धाकटे,

तीन आठवडे झाले. पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. उत्तरही आलं नाही, म्हणजे तूही तीच आहेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या दोघींनाही लागू आहे म्हणा.

तोवर मी तुला निळा देऊन टाकला. तीन वेळा रंगवून पाहिलं. तिन्ही वेळा काहीतरी बिनसलं. निळा अंग चोरतो, मागे जातो, आणि तू तर सगळ्यात पुढे पुढे करणारी. बाई म्हणतात, ऊन रंग पुढे येतात, गार रंग मागे सरतात. असेल. पण ड्रेस निळा होता त्याला मी काय करू?

गेल्या बुधवारी बाईंनी माझ्या दोन ट्यूबा काढून घेतल्या, काळी आणि पांढरी. "काकू, या माझ्याकडे जमा." मी म्हटलं, "अहो, मग सावली कशाने करू?" त्यांनी ओल्या कागदावर निळा सोडला, त्याला विटकरी लावला, आणि दोघं एकमेकांत शिरले तिथे असा राखाडी आला की मी बघतच राहिले. त्यात थोडी ऊब होती. मी आयुष्यभर काळ्यात पांढरा कालवून राखाडी केला, तो सगळा मेलेला होता की गं! आणि पांढरा तर इथे लावतच नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद तसाच सोडायचा. आधीच ठरवून सोडायचा. माझा हात त्याला तयार होत नाही. रिकामी जागा दिसली की भरायची, ही माझी सवय.

घरी हे कोणाला सांगणार, म्हणून तुला सांगते. खाली स्टुडिओ होता तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. बाबांचा कॅमेरा उभा असायचा तिथे अक्षरांचा तक्ता लावलाय, लोक एक डोळा झाकून मोठ्याने वाचतात. वरच्या तीन खोल्यांत मी. शनिवारचा वर्ग सुटला की रविवारभर तोंड उघडायचं कारण पडत नाही. सोमवारी सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायला जाते तर आवाजच फुटत नाही, आधी खाकरावं लागतं. तो बिचारा विचारतो, सर्दी झाली का?

सरावासाठी किटली अकरा वेळा काढली. किटली हलत नाही आणि उत्तरही देत नाही. तुझ्यासारखीच.

मी तुला पाठवलेल्या त्या फोटोवरून तू मनात काय धरून बसली आहेस ते मला ठाऊक आहे. बाबांचा स्वभाव तुला माहीतच होता. आता ते जाऊनही बारा वर्षं झाली, तेव्हा सोडून दे. रंग तेवढा कळव.

ताई


१९ मार्च

धाकटे,

आज वर्गात फजिती झाली.

या आठवड्यात मांडणी शिकतोय. बाई म्हणतात, मांडणी म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याला रस्ता करून देणं. कुठून शिरेल, कुठे थांबेल, कुठे टेकेल. घरातला एखादा जुना फोटो आणा म्हणाल्या, त्यावर पारदर्शक कागद ठेवून नुसते गडद आणि फिके आकार काढायचे. नाक-डोळे नाहीत, ओळख नाही. मी भिंतीवरचा आपला फोटो खिळ्यावरून काढला, काच पुसली आणि घेऊन गेले.

का नेला? इतर फोटो काय कमी होते घरात? विचारू नकोस.

त्यात आई आणि बाबा खुर्च्यांवर, पुढे उजवीकडे स्टुलावर मी, आणि माझ्या मागे पडदा. मी आकार काढले. बाई आल्या, बघत राहिल्या, मग कागद उचलून खालचा फोटो पाहिला.

"काकू, इथे कोण होतं?"

"कुठे?"

"तुमच्या मागे. तुमचे बाबा पडद्याकडे बघून हसताहेत. पडद्याकडे बघून कोण हसतं?"

"ते हसरेच होते," मी म्हटलं.

"आणि तुमच्या खांद्यावर या चार चुण्या? वरून काही दाबल्याशिवाय कापड असं चुणत नाही."

तपासनीस चष्मा वर करून वाकले. जन्मभर लोकांचे चेहरे बघितलेला माणूस. म्हणाले, "बाई, इथे कोणीतरी विनातिकीट बसलंय."

पुन्हा सगळे हसले. मी म्हटलं माझं डोकं दुखतंय, आणि ब्रशसुद्धा न धुता निघून आले. ब्रश धुतल्याशिवाय उठायचं नाही, बाबांनी हात धरून शिकवलेलं.

तुला आठवतं? बाबांनी कॅमेऱ्याची कळ दाबली, दहा सेकंदांत पळत येऊन खुर्चीत बसायचं होतं, आणि तू माझ्या मागे उभी राहून ओरडलीस, "पळा बाबा, पळा! पोलीस आले!" ते बसले आणि तुझ्याकडे बघून हसले, तेवढ्यात कळ सुटली. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. बाकी सगळी तू पडद्यात गेलीस. बोटं जाईनात. बोटं झाकली असती तर माझा खांदाही गेला असता. मग त्या बोटांच्या मी चुण्या केल्या.

तीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझं काम इतकं चोख होतं. याचा मला अभिमान होता, हेही लिहून टाकते.

ताई


२० मार्च, सकाळ

धाकटे,

कालचं पत्र पाकिटात घातलं, टाकलं मात्र नाही. हे त्याच पाकिटात घालते. यावेळी रजिस्टर्ड, पोचपावतीसकट. तुझ्या हातात पडलं एवढं तरी कळू दे.

मी तुला तो फोटो पाठवला तेव्हा मागे लिहिलं होतं, "बाबांनी तुला काढून टाकायला सांगितलं." आठवत असेलच. तू विसरायची नाहीस.

बाबांनी असं सांगितलं नव्हतं.

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "तो फोटो जरा उतरवून ठेव, बघवत नाही." उतरवून ठेव. एवढंच. बाकी सगळं माझं. मी तीन दुपारी खाली बसून राखाडी कालवला आणि तुझ्यावर पडदा चढवला. आधी केस, मग चेहरा. मग झाकलेल्या फोटोचा फोटो काढला, तो चौकटीत घातला, आणि जुनी निगेटिव्ह जाळली. बाबांनी भिंतीवर पाहिलं तेव्हा विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, बघवत नाही?" ते खाली बसले.

मला राग आला होता गं. तू त्या फिल्म विकायला येणाऱ्याबरोबर गेलीस याचा नाही, तो बरा माणूस होता. मला न सांगता गेलीस याचा. एका खोलीत वीस वर्षं झोपलो आपण, आणि चिठ्ठी ठेवलीस ती आईच्या उशाखाली! त्यात माझं नावसुद्धा नव्हतं. तू दार ओढून घेतलंस आणि दोन म्हातारी माणसं, दुकान आणि ती खोली माझ्या गळ्यात आली. म्हटलं, हिला एवढी जायची हौस आहे ना, मग जाऊ दे पुरती.

वर्षाने तुझं पत्र आलं, नवीन पत्ता घालून. बाबांना दाखवलंच नाही. उलट टपाली तो फोटो धाडला.

आणि बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा तू एकच ओळ लिहिलीस. "ज्यांनी मला पुसलं त्यांच्यासाठी मी का येऊ?" फोटोमागची ती ओळ माझी होती. मी ती बाबांच्या नावावर खपवली. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे त्या दिवशी मी एकटीच उभी होते, आणि लोक विचारत होते, धाकटी कुठे? मी म्हटलं, तिला वेळ नाही.

आता शिव्या दे. पण दे काहीतरी.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

पोचपावती आली. तुझी सही. खालची शेपटी अजून तशीच, शाळेच्या वहीवर काढायचीस तशी. पोस्टमन गेल्यावर मी ती पावती टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून जेवले. एवढी सोबत बऱ्याच दिवसांत नव्हती.

म्हणजे तू वाचलंस. मग उरलेलंही वाच. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं लपवलेलं अजून थोडं माझ्याकडे उरलंय.

शनिवारी तपासनीसांनी आभाळ करताना ढगावरच निळा फासला. चेहरा पडला त्यांचा. बाईंनी स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवला, त्या निळ्यावर नुसता टेकवला, थांबल्या, आणि कापसाने टिपून घेतलं. ढग परत आला! त्या म्हणाल्या, "वर बसलेला रंग उचलता येतो. मुरलेला राहतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मला हे सोळाव्या वर्षापासून माहीत आहे.

बाबा शेवटच्या वर्षी रोज दुपारी त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसायचे. काचेवर बोट ठेवायचे, पडद्यावर. एकदा म्हणाले, "हिला परत आण की गं यात. तुला येतं ना सगळं?" मी म्हटलं, "बाबा, निगेटिव्ह जळाली. आता नाही होत." ते म्हणाले, "बरं." परत कधी विचारलं नाही. माझ्या हातातल्या कसबावर त्यांचा फार विश्वास होता, म्हणून त्यांना ते पटलं.

भिंतीवरचा फोटो हा फोटोचा फोटो. त्याच्याखाली काही नाही, कितीही घासा. पण ज्याच्यावर मी हाताने पडदा चढवला, तो मूळ कागद मी तुला पाठवला होता. पाठवायची एवढी घाई, की वर रोगणसुद्धा दिलं नाही. नुसता पाण्यात कालवलेला रंग आहे तो, वर बसलेला. तू खाली आहेस. पहिल्यापासून आहेस. मी तुला खरवडलं नव्हतं, झाकलं होतं.

आणि मला ते माहीत होतं. आत्ता वर्गात सुचलं असं लिहिणार होते, पण नाही. बाबांनी विचारलं तेव्हाही माहीत होतं. तुला एक पत्र टाकायचं होतं, "फोटो परत पाठव." आठ दिवसांचं काम. पण मग बाबांना सांगावं लागलं असतं की तुझा पत्ता माझ्याकडे एवढी वर्षं आहे, आणि तुला सांगावं लागलं असतं की पडदा कोणाचा. माझी अब्रू राहावी म्हणून मी त्यांना पडद्यावर बोट ठेवून मरू दिलं. याला काय म्हणतात ते तूच ठरव.

फोटो तू फाडून टाकला असशील तर प्रश्नच मिटला. नसशील तर हे कर.

दिवसा उजेडात बस. फोटो सपाट टेबलावर ठेव. वाटीत कोमट नाही, साधं पाणी घे. कापसाचा छोटा बोळा भिजव आणि घट्ट पिळ, पाणी ठिबकता कामा नये. घासू नकोस. तुझा हात दांडगा आहे, म्हणून दोनदा सांगते, घासू नकोस. कडेने सुरुवात कर, माझ्या डोक्यावरून उजवीकडे. बोळा टेकव, दहा आकडे मोज, उचल. राखाडी लागेल. बोळा बदल. पुन्हा. पहिल्यांदा तुझी बाही दिसेल. चेहरा शेवटी घे, तोवर हात बसलेला असेल. पडद्याखाली मी आधीच रंग दिलेले आहेत, ते कागदात मुरलेत, जाणार नाहीत. पण राखाडी संपून कापसाला दुसरा रंग लागायला लागला की तिथेच थांब.

बाबा तुझ्याकडेच बघून हसताहेत. ते तुझं तुलाच दिसेल.

मग मला ड्रेसचा रंग कळव.

ताई


३० एप्रिल

धाकटे,

रविवारी प्रदर्शन झालं. तुझं उत्तर नव्हतं, तेव्हा मी तुझी जागा कागदाचीच सोडली. निळा नाही, राखाडी नाही. आजूबाजूने सगळं रंगवलं आणि मध्ये तू कोरी, हात तेवढा खांद्यावर रंगवला. चार बोटं जमायला सहा कागद वाया गेले. बाई येऊन नुसत्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, हेच काय ते कसब. तपासनीस मात्र जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काढलंत वाटतं तिकीट." मी त्यांना म्हटलं, अजून कन्फर्म नाही.

काल दुपारी तुझं पाकीट आलं. उघडायला अर्धा तास लावला मी. आधी भांडी घासली, मग ब्रश धुतले, धुतलेलेच होते ते. आत चिठ्ठी असेल म्हणून चष्मासुद्धा पुसून घेतला.

चिठ्ठी नाही. एक ओळ नाही, नाव नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कापसाचे बोळे. मी मोजले, सतरा. वाळून टणक झालेले, सगळे राखाडी. माझाच तो राखाडी, मेलेला, लगेच ओळखला. सतरा म्हणजे तू घासलं नाहीस. सांगितलं तसं टेकवून टेकवून केलंस.

शेवटच्या बोळ्याच्या कडेला दुसरा रंग लागलाय. नखाएवढा. खिडकीपाशी नेला, पांढऱ्या कागदावर ठेवला, ओल्या ब्रशचं टोक लावून पाहिलं.

डाळिंबी आहे.

आता आठवलं गं. निळा तुझा रोजचा होता. फोटोच्या दिवशी तू आरशासमोर तोंड पाडून उभी होतीस, हा काय ड्रेस आहे म्हणून, आणि मी कपाटातून माझा काढून तुझ्या अंगावर टाकला. म्हटलं, घाल, रडू नकोस, डोळे सुजले तर मलाच फोटोत नीट करावे लागतील. मागची बटणं मी लावली. वरचं बसत नव्हतं, तू श्वास धरून उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "ताई, परत मागशील का?" मी म्हटलं, "नाही मागणार, हल नकोस."

एकतीस वर्षं मी त्याला चोरी म्हणत आले. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रातसुद्धा.

चित्र घरी आणलंय. उद्या डाळिंबी कालवते, माझ्याकडचे दोन लाल आणि थोडा विटकरी मिळून होईल. तू काही लिहू नकोस, नाही जमत तर. फोटो तुझ्याकडेच ठेव.

ड्रेस तू नेला नव्हतास. मी दिला होता.

ताई